सुचवलं कोणी आणि वाचलं कोणी? कुमार साहित्याच्या इतिहासातला एक पेच

‘पूर्वीची कुमारवयीन मुलं काय वाचायची?’ प्रश्न सोपा वाटतो. पण संशोधनाला घेतला की पहिल्याच पायरीवर अडतो. आपल्या हाती पुरावा असतो तो मोठ्यांनी काय लिहिलं, छापलं आणि सुचवलं याचा. मुलांनी काय वाचलं, ही वेगळी गोष्ट. नगर जिल्ह्याचंच, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचं उदाहरण घेऊ.

अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ मध्ये सुरू झालं. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ नगरलाच निघाला. याच मिशनचं मुलांसाठीचं मासिक म्हणजे १८७३ चं ‘बालबोधमेवा’. नगरशी घट्ट नातं असलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी पुढे त्याचं संपादनही केलं. १९०६ मध्ये वा. गो. आपट्यांनी पुण्यात ‘आनंद’ काढलं. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. हेतू तिघांचे वेगळे. पण मुलांना काय द्यायचं हे ठरवणारा प्रत्येक वेळी मोठा माणूसच.

आता साहित्यप्रकार बघा. ज्यूल्स व्हर्नची चांद्रसफर मराठीत आली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, ‘केरळ कोकिळ’ या सर्वांसाठीच्या मासिकातून. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न खास मुलांसाठी आणला आणि स्वतःचा फास्टर फेणेही उभा केला. म्हणजे प्रकाराचा इतिहास आणि वयोगटाचा इतिहास एकाच रेषेवर चालत नाहीत. तक्ता करताना ‘विज्ञानकथा’ आणि ‘कुमार’ एकाच रकान्यात टाकलं, तर हा फरक दिसेनासाच होतो.

वयोगटाची नावंसुद्धा संस्थांनी घडवलेली असतात. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेत ‘यंग अडल्ट’ सेवांचा स्वतंत्र विभाग १९५७ मध्ये झाला. आपल्याकडे ‘किशोर’ १९७१ मध्ये निघालं, तेही पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या बालभारतीकडून.

मग वाचकाचा माग कुठे काढायचा? नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ चं आहे. अशा जुन्या संस्थांत देवघेवीच्या नोंदवह्या टिकल्या आहेत का, हे आधी विचारावं. मासिकांतली वाचकांची पत्रं, आठवणी, आत्मचरित्रंही कामाची. पण प्रत्येकाची एक खोड असते. नोंदवही पुस्तक नेल्याचं सांगते, वाचल्याचं नाही. वडिलांच्या नावावर आलेलं पुस्तक मुलीने वाचलं असेल, तर ती नोंदीत नसतेच. पत्रं संपादकाने निवडलेली. आठवणी मोठेपणी लिहिलेल्या. म्हणून एका साधनावर भिस्त ठेवू नका. दोन-तीन साधनं समोरासमोर ठेवा आणि ती कुठे जुळत नाहीत ते आधी टिपा.

हा नुसता पद्धतीचा काथ्याकूट नाही. उद्या अकोले किंवा जामखेडच्या एखाद्या शाळेसाठी यादी करायची वेळ आली, तर आपण इतिहासाचाच दाखला देणार. ‘मराठी मुलांना संस्कारकथा आवडत’ असं विधान केवळ प्रकाशनांवरून केलं, तर रहस्यकथा, भयकथा यादीतून आधी गळतील आणि चौदा वर्षांचं मूल कपाटापासून लांब जाईल. तेव्हा प्रस्ताव लिहायला घेण्याआधी एक ओळ पक्की करा: माझा पुरावा पुस्तक देणाऱ्याचा आहे की घेणाऱ्याचा?