जुना चालू, नवा शेजारी: पण तपासलं नेमकं काय?

कारखान्यात नवा कंट्रोल सर्व्हर आला की जुना सहसा लगेच काढत नाहीत. दोन्ही काही दिवस शेजारी शेजारी चालतात. सेन्सरचे तेच आकडे दोघांना मिळतात, पण व्हॉल्व्हला हुकूम फक्त जुनाच देतो. आकडे जुळले की "टेस्ट पास". माझाही सुरुवातीला हाच समज होता. इतिहास वाचल्यावर तो डळमळला.

मार्च 1959 मध्ये टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर इथे टेक्साकोच्या रिफायनरीत आरडब्ल्यू-300 हा संगणक एका पॉलिमरायझेशन युनिटवर सुरू झाला. 26 प्रवाह आणि 72 तापमानं त्याच्या अखत्यारीत होती. पण त्या काळचा प्रोसेसर साधारण 50 ते 100 तासांत एकदा बंद पडायचा! म्हणून ॲनालॉग कंट्रोलर जागेवरच ठेवायचे. संगणक एकतर ऑपरेटरला सल्ला द्यायचा, नाहीतर त्या कंट्रोलरचे सेट पॉइंट बदलायचा. तो पडला तरी खालचा थर काम करत राहायचा.

1962 मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआयने फ्लीटवूडच्या सोडा कारखान्यात फेरांटी आर्गस बसवला. त्याने ॲनालॉग कंट्रोलरचीच जागा घेतली: 224 मापं वाचायची आणि 129 व्हॉल्व्ह थेट चालवायचे. आता खाली सांभाळणारा थर उरला नाही. सल्ला बरोबर असणं वेगळं आणि हुकूम बरोबर असणं वेगळं, हा फरक इथे ठळक होतो.

आता टाकीचं उदाहरण घ्या. जुना सर्व्हर व्हॉल्व्ह 50 टक्के उघडतो, नवा म्हणतो 60. टाकी ऐकते जुन्याचंच. नव्याला दिसणारी चूक कमी होत नाही, त्याचा इंटिग्रल साठत जातो आणि दोघांतलं अंतर वाढतं. म्हणजे नवा बिघडलाय का? तसं नाही, त्याच्या हुकमाचा परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीये. याच कारणामुळे आकडे जुळले तरी नियंत्रण सिद्ध होत नाही. वाचन, अलार्म आणि नोंदी तेवढ्या तपासल्या जातात. नियंत्रणासाठी सिम्युलेटर लागतो, किंवा नव्याचं आउटपुट आधी जुन्याशी जुळवून एकेक लूप सावकाश सोपवावा लागतो.

संशोधनाला लागणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. "जुन्या पद्धतीशी तुलना केली" हे वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी स्वतःला विचारा: माझ्या पद्धतीच्या निर्णयाचा परिणाम तिच्यापर्यंत परत आला होता का? नसेल, तर तसं स्पष्ट लिहा. व्हायव्हात कुणी विचारण्याआधी आपणच लिहिलेलं बरं.