मोतीबिंदू : भिंग कोणते, शस्त्रक्रिया कोणाकडे?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की बहुतेक नेत्र रुग्णालयांत रुग्णापुढे एक छापील तक्ता ठेवला जातो. भारतीय भिंग, परदेशी भिंग, घडीचे भिंग, बहुकेंद्री भिंग, आणि प्रत्येकासमोर चढत्या क्रमाने रक्कम. सर्वांत महाग ते सर्वांत उत्तम, असा समज या मांडणीतूनच होतो. आई-वडिलांसाठी 'हलके' भिंग घेणे मुलांनाही प्रशस्त वाटत नाही. वास्तविक एका डोळ्याला उत्तम ठरलेले भिंग दुसऱ्याच्या डोळ्यात कायमची डोकेदुखी होऊ शकते. बसविलेले भिंग काढून बदलता येते, परंतु ती शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड आणि जोखमीची असते. तेव्हा तक्त्यावर बोट ठेवण्यापूर्वी थोडी माहिती असणे इष्ट.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडले यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या फुटलेल्या पारदर्शक छताचे ॲक्रिलिक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत रुतून राहिले, तरी डोळा त्यांना फारसा विरोध करीत नसे. त्यावरून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिले कृत्रिम भिंग बसविले. भिंग डोळ्याने स्वीकारले, पण त्याच्या शक्तीचा हिशेब बराच चुकला आणि त्या रुग्णाला दूरचे पाहण्यासाठी मोठ्या उणे नंबरचा चष्मा लागला. भिंगाचा प्रकार आणि भिंगाची शक्ती या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. रुग्ण चौकशी करतात ती बहुधा पहिलीची. दुसरी तितकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची आहे.

ही शक्ती ठरविण्यासाठी डोळ्याची लांबी आणि त्याच्या दर्शनी पारदर्शक पटलाची, म्हणजे कॉर्नियाची, वक्रता मोजतात. लांबी मोजताना केवळ एका मिलिमीटरची चूक झाली, तर नंबरात अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक पडतो. ध्वनिलहरींच्या जुन्या पद्धतीत यंत्राचे टोक डोळ्याला टेकवावे लागते. हात जरा जड पडला की डोळा आखूड मोजला जातो. प्रकाशकिरणांनी मोजणारी यंत्रे डोळ्याला स्पर्श न करता अधिक अचूक माप देतात. मात्र मोतीबिंदू फार दाट झाला असल्यास प्रकाश आरपार जात नाही आणि पुन्हा ध्वनिलहरींकडेच वळावे लागते. 'पिकू द्या, मग काढू' हा जुना सल्ला आता मोडीत काढण्याचे हे एक कारण. शिवाय टणक झालेला मोतीबिंदू फोडताना कॉर्नियाला इजा होण्याचा संभव वाढतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या मोजणीपूर्वी किती दिवस बंद ठेवायच्या, हे विचारून घ्यावे. पूर्वी लेसरने चष्म्याचा नंबर घालविला असेल, तर ते आवर्जून सांगावे. अशा डोळ्यांत नेहमीची सूत्रे फसतात.

आता भिंगाचे प्रकार. एककेंद्री भिंग एकाच अंतरावर स्पष्ट दाखविते. ते सहसा दूरसाठी बसवितात आणि वाचायला चष्मा लागतो. ज्यांच्या नंबरात 'सिलिंडर' बराच आहे, त्याचे मूळ कॉर्नियाच्या वक्रतेत असेल तर टॉरिक भिंगाचा खरा उपयोग होतो. ते ठरलेल्या अक्षावरच बसावे लागते; दहा अंशांनी फिरले तरी सुमारे एक तृतीयांश परिणाम वाया जातो.

बहुकेंद्री भिंगाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक आग्रह त्याचाच होतो आणि सर्वाधिक निराशाही त्यातूनच पदरी पडते. हे भिंग डोळ्यात येणारा प्रकाश दूर आणि जवळ असा वाटून देते. त्यामुळे अनेकांची चष्म्यातून बरीचशी सुटका होते, हे खरे. पण वाटून दिलेला प्रकाश प्रत्येक ठिकाणी थोडा कमीच पडतो. फिक्या रंगांतील भेद अंधूक होतो, रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. रात्री घाटातून ट्रक चालविणाऱ्याला ही वलये परवडणारी नाहीत. उलट दिवसभर घरात असणाऱ्या, तांदूळ निवडणाऱ्या, पोथी वाचणाऱ्या आणि चष्म्याला कंटाळलेल्या गृहिणीला तेच भिंग सुखाचे ठरू शकते. काचबिंदू असेल किंवा मधुमेहाने अथवा वयोमानाने दृष्टिपटल बिघडले असेल, तर हे भिंग सहसा टाळावे. दूरची आणि मधल्या अंतरावरची, म्हणजे संगणकाची वा स्वयंपाकाच्या ओट्याची, नजर साधणारी 'विस्तारित केंद्रा'ची भिंगेही आता मिळतात. त्यांत वलयांचा त्रास तुलनेने कमी असला, तरी बारीक अक्षरांसाठी चष्मा लागू शकतो.

देशी-परदेशी हा भेद मात्र पूर्वीइतका निर्णायक राहिलेला नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅबने १९९२ पासून भिंगे बनविण्यास आरंभ केला आणि भिंगाची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. भिंग कोठे बनले यापेक्षा त्याचा पदार्थ आणि त्याच्या कडेची घडण विचारावी. चौकोनी कडेच्या भिंगामागील आवरण धूसर होण्याचे प्रमाण कमी असते. या धूसरतेलाच लोक 'मोतीबिंदू परत आला' म्हणतात. ती याग लेसरने काही मिनिटांत दूर होते.

शस्त्रक्रियेच्या पद्धतीबाबतही असाच मोह असतो. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात फेको आणि लहान छेदाची बिनयंत्राची पद्धत यांची तुलना झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत चष्म्यासह मिळालेली नजर दोहोंत जवळजवळ सारखी होती. बिनचष्म्याची नजर फेकोत काहीशी सरस होती. 'ब्लेडविरहित' म्हणून जाहिरात होणाऱ्या फेम्टोसेकंद लेसरचा नेहमीच्या फेकोपेक्षा ठोस लाभ २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स व ब्रिटनमधील मोठ्या चाचण्यांत दिसला नाही.

मग शल्यचिकित्सक निवडावा कसा? सर्वांत कुशल कोण, हे सामान्य माणसाला बाहेरून कळणे कठीण. तरी काही प्रश्न विचारता येतात. शस्त्रक्रिया आपण स्वतः करणार की साहाय्यक? माझ्यासारखा डोळा नेहमी हाताळता का? भिंगाची पिशवी फाटली किंवा तुकडा मागे पडला, तर दृष्टिपटलाचे तज्ज्ञ कोठे उपलब्ध आहेत? नंबर अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर पुढे काय? या प्रश्नांनी चिडणारा डॉक्टर टाळावा. तुमचा दिवस कसा जातो, वाहन चालविता का, काय वाचता, हे जो स्वतःहून विचारतो आणि प्रसंगी 'तुम्हाला महागडे भिंग नको' असे सांगतो, त्याच्याकडे जाणे प्रस्तुत लेखकाला अधिक सुरक्षित वाटते.

रुग्णानेही काही लपवू नये. प्रोस्टेटच्या त्रासासाठी घेतल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिन या औषधाने शस्त्रक्रियेत बाहुली अचानक आक्रसते. गोळी आधी बंद केली तरी हा धोका पुरता टळत नाही. डॉक्टरांना कल्पना असली की तशी तयारी ठेवता येते. विम्याच्या अनेक पॉलिसींत प्रत्येक डोळ्यामागे रकमेची मर्यादा असते, त्यामुळे वरचा खर्च किती येईल ते आधी लेखी घ्यावे.

दुसऱ्या डोळ्याची घाई नसल्यास पहिल्याची नजर स्थिरावू द्यावी. त्यात अंदाज किती चुकला, हे पाहून दुसऱ्या भिंगाची शक्ती सुधारता येते. भिंगाचे नाव, शक्ती आणि क्रमांक असलेली चिठ्ठी फाईलमध्ये लावून घ्यावी. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. आतील जंतुसंसर्गात काही तासांच्या विलंबानेही डोळा गमवावा लागू शकतो.