शिसेयुक्त पेट्रोल

शिसेयुक्त पेट्रोल : टेट्राएथिल लेड किंवा तत्सम शिशाचे कार्बनी संयुग अल्प प्रमाणात मिसळलेले पेट्रोल. अंतर्ज्वलन एंजिनाचे संपीडन गुणोत्तर वाढविल्यास अधिक शक्ती मिळते. परंतु विशिष्ट मर्यादेपलीकडे ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटतो, सिलिंडरात ठोके बसल्यासारखा आवाज होतो व दट्ट्यास इजा पोहोचते. टेट्राएथिल लेडामुळे हे ठोके थांबतात, असे टॉमस मिजली यांनी जनरल मोटर्सच्या डेटन (ओहायओ) येथील प्रयोगशाळेत ९ डिसेंबर १९२१ रोजी दाखविले. डेटन येथेच फेब्रुवारी १९२३ मध्ये अशा पेट्रोलाची विक्री सुरू झाली.

एंजिनाच्या दृष्टीनेही हे द्रव्य निर्दोष नव्हते. ज्वलनानंतर उरणारे लेड ऑक्साइड झडपांवर व ठिणगी गुडद्यांवर साचे. गुडदीच्या निरोधकावर थर बसला की, विद्युत् प्रवाह ठिणगी न पाडता त्या थरातूनच निसटे. म्हणून पेट्रोलात एथिलीन डायब्रोमाइड व एथिलीन डायक्लोराइड मिसळण्यात येऊ लागली. त्यांच्यामुळे शिशाची बाष्पनशील संयुगे बनून ती धुराबरोबर बाहेर जात. म्हणजे एंजिन स्वच्छ राही आणि शिसे रस्त्यावर येई. ब्रोमीन व क्लोरीन यांच्यापासून बनणारी अम्ले मात्र धूर बाहेर नेणारी नळी व ध्वनिशामक यांना गंजवीत. एक लाभ खरा होता. निष्कास झडप व तिची बैठक यांच्यामध्ये शिशाच्या संयुगांचा पातळ थर राही व त्यामुळे बिडाची बैठक झिजत नसे. शिसे गेल्यावर जुन्या एंजिनांत अशा बैठकी खचू लागल्या. नव्या एंजिनांत त्या कठीण धातूच्या करण्यात आल्या.

शिशाचे विषारीपण प्रारंभापासून ज्ञात होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे टेट्राएथिल लेड तयार करणारे पाच कामगार वेड लागून मरण पावले. १९२५ मध्ये विक्री थांबविण्यात आली. परंतु बंदी घालण्यास सबळ कारण नाही, असा तज्ञ समितीचा निष्कर्ष आल्यावर १९२६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मनुष्याच्या शरीरातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट वाढले आहे, असे क्लेअर पॅटर्सन यांनी १९६५ मध्ये मांडले. तरीही हे इंधन चालूच राहिले. त्याच्या उच्चाटनास निर्णायक गती मिळाली ती मोटारगाडीच्या एका भागामुळे.

अमेरिकेच्या १९७० च्या वायुप्रदूषणविषयक कायद्याची पूर्तता करण्यासाठी १९७५ च्या बहुतेक नव्या गाड्यांना उत्प्रेरकी परिवर्तक बसविण्यात आला. त्यात ॲल्युमिनाच्या सच्छिद्र पृष्ठावर प्लॅटिनम व पॅलॅडियम यांचे सूक्ष्म कण असतात व त्यांच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेली हायड्रोकार्बने यांचे ऑक्सिडीभवन होते. शिसे या कणांवर बसते, छिद्रे बुजविते आणि उत्प्रेरकाची क्रियाशीलता नष्ट करते. पुढे मिश्रणाच्या नियंत्रणासाठी आलेला ऑक्सिजन संवेदकही शिशामुळे मंदावतो व चुकीचे संकेत देऊ लागतो. म्हणून १९७४ च्या जुलैपासून मोठ्या पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवणे अमेरिकेत बंधनकारक झाले. नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद ठेवण्यात आले, जेणेकरून शिसेयुक्त पेट्रोलाच्या पंपाची रुंद तोटी त्यात शिरू नये. शिसेयुक्त पेट्रोल स्वस्त असल्याने काही मालकांनी हे तोंड रुंद करून घेतले. परिवर्तक निकामी झाला तरी गाडी पूर्ववत धावत असल्यामुळे चालकाला त्याचा पत्ताही लागत नसे. याच इंधनबदलाच्या काळात, १९७६ ते १९८० दरम्यान, अमेरिकी लोकांच्या रक्तातील शिशाचे सरासरी प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक घटले. तेथे रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ च्या प्रारंभी बंद झाले.

भारतात मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या महानगरांत परिवर्तक असलेल्या नव्या गाड्या व शिसेविरहित पेट्रोल ही दोन्ही १ एप्रिल १९९५ पासून एकाच वेळी आली. महानगराबाहेर असे पेट्रोल सर्वत्र मिळत नसल्याने दूरच्या प्रवासात परिवर्तकाचे रक्षण करणे कठीण होते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले. जगात मोटारगाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया असून तेथील विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली. दट्ट्यांच्या एंजिनांवर चालणाऱ्या अनेक लहान विमानांच्या इंधनात टेट्राएथिल लेड अद्याप वापरले जाते.