शृंगाराची शाळा

शृंगाररचना म्हणजे उनाड वयातील चाळा, तिला ना अध्ययन लागते ना साधना, असा समज आपल्या सुशिक्षित समाजात दीर्घकाळ रूढ आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहिरांची चरित्रे चाळली असता हा समज टिकत नाही. लावणी रचणे ही त्या काळी एक विद्या होती, आणि तिच्यावर अनेकांची पोटेही भरत.

सोलापूरच्या राम जोशी याचेच उदाहरण घ्यावे. घराणे विद्वान ब्राह्मणाचे; वडील बंधू मुद्गल पुराण सांगत. धाकट्या रामास मात्र धोंडी शाहिराच्या तमाशाने वेड लावले. संतापलेल्या बंधूंनी त्यास घराबाहेर काढले, तेव्हा त्याने पंढरपुरास जाऊन संस्कृताचे अध्ययन केले, अशी परंपरागत हकीकत आहे. म्हणजे त्याच्या शाळा दोन. फडात त्याला ठेका, चाल आणि श्रोत्यांची नाडी कळली. पंढरपुरात अलंकार व नायिकाभेद कळले. ज्याने ‘मदालसाचंपू’ हे संस्कृत काव्य रचले, तोच लावणीत अनुप्रासांचा खेळ मांडीत होता.

ह्या विद्येचा अवघड भाग वेगळाच होता. लावणीत बहुधा स्त्री बोलते, परंतु शब्द पुरुषाचे असतात. दसरा झाला की फौजा मुलुखगिरीस निघत आणि घरोघरी वाट पाहणे सुरू होई. ही विरहिणी शाहिराने ग्रंथातून जितकी घेतली, तितकीच शेजारच्या ओसरीवरून घेतली. तिच्या मनात शिरता आले नाही, तर ढोलकी कितीही कडाडली तरी लावणी रंगत नसे.

व्यवहाराची बाजूही पाहण्यासारखी आहे. होनाजी गवळी कवने करी व बाळा कारंजकर ती गाई. ह्या भागीदारीतून ‘होनाजी बाळा’ हे जोडनाव झाले. सगनभाऊ जातीने शिकलगार, तर सिन्नरचा परशराम शिंपी. अखेरच्या कडव्यात कवीचे नाव गुंफण्याची रीत होती; छापखान्यापूर्वीच्या काळात मालकीची खूण तीच. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत लावणीस दरबारचा मोठा आश्रय लाभला. 1818 साली पेशवाई बुडाली आणि तो आधार तुटला. पुढे लावणी फडांच्या मुखी आणि हस्तलिखित बाडांत तगून राहिली. म. वा. धोंड यांच्या ‘मऱ्हाटी लावणी’ ह्या 1956 सालच्या ग्रंथाने तिचा साक्षेपी विचार झाला.

राम जोशी पुढे कीर्तनाकडे वळला. मोरोपंतांच्या सहवासाने हे घडले व पंतांच्या आर्या त्याने कीर्तनांतून लोकांपर्यंत नेल्या, असे सांगतात. ही कथा आपण पश्चात्तापाची म्हणून ऐकतो. मला ती तशी वाटत नाही. फडावर रात्र जागवून श्रोते धरून ठेवण्याची जी हातोटी त्याने कमावली, तीच सभामंडपात उपयोगी पडली. विषय बदलला, शिकलेली कला तीच राहिली. होनाजीच्या शृंगारिक लावण्या आणि पहाटे देवास जागविणारी त्याची भूपाळी ही एकाच लेखणीची अपत्ये होत.

सगळीच लावणी उत्तम, असे म्हणण्याचा हेतू नाही. तीत उत्तान आणि सवंग रचना पुष्कळ आहे. शिवाय जिच्या नृत्याने व गळ्याने ह्या कवनांना रूप दिले, तिचे नाव अखेरच्या कडव्यात क्वचितच आढळते. हे ऋण आपल्याकडे बाकीच आहे. तथापि भूपाळी आपली म्हणावयाची आणि लावणी मात्र परक्याची, हा न्याय नव्हे. देवालयाच्या पायरीवर बसून भूपाळी ऐकताना एवढे तरी स्मरावे की, तो सूर ज्याने लावला, त्याने शब्दांची उमेदवारी शृंगाराच्याच शाळेत केली होती.