वामनदादा कर्डक

वामन तबाजी कर्डक ऊर्फ वामनदादा कर्डक (जन्म : १५ ऑगस्ट १९२२, मृत्यू : १५ मे २००४) हे मराठी लोककवी, गीतकार व गायक होते. आंबेडकरी चळवळीचा विचार स्वरचित गीतांतून खेडोपाडी पोहोचविणाऱ्या लोकशाहिरांत त्यांची गणना होते.

== जडणघडण ==
वामनदादांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. बालपणी त्यांना शालेय शिक्षण मिळाले नाही. पुढे उपजीविकेसाठी ते मुंबईस आले व शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहून अंगमेहनतीची कामे करू लागले. तेथे समता सैनिक दलाशी त्यांचा संबंध आला. अक्षरओळख त्यांना याच काळात, देहलवी नावाच्या शिक्षकांमुळे झाली. दुकानांच्या पाट्या वाचत त्यांनी वाचनाचा सराव वाढविला.

त्यांच्यापूर्वी सत्यशोधक जलशांच्या धर्तीवर आंबेडकरी जलसे उभे राहिले होते. तमाशाचा परिचित बाज राखून त्यातून समाजप्रबोधन करणे हे या जलशांचे वैशिष्ट्य होते. जलसाकार भीमराव कर्डक हेही नाशिक जिल्ह्यातीलच. मात्र ते व वामनदादा या भिन्न व्यक्ती होत.

== पदार्पण ==
३ मे १९४३ रोजी वामनदादांनी आपले पहिले गीत रचले. एका हिंदी गीताचे ते विडंबन होते. त्याच वर्षी मुंबईतील नायगाव येथे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना प्रथम पाहिले. त्यानंतर त्यांच्या गीतलेखनास निश्चित दिशा मिळाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर बुद्धविचार हाही त्यांच्या गीतांचा प्रमुख विषय झाला.

== गीतांचे स्वरूप ==
सोपी बोलभाषा, परिचित चाली व समूहाला सहज उचलता येईल असे ध्रुवपद ही त्यांच्या रचनेची वैशिष्ट्ये होत. गीताच्या अखेरच्या कडव्यात ते बहुधा 'वामन' ही नाममुद्रा गुंफीत. गीते मुख्यतः ऐकून पाठ होत असल्याने छापील पुस्तक हाती नसतानाही कवीचे नाव गीतासोबत टिकून राहिले. अभंगांतील नाममुद्रेच्या जुन्या परंपरेशी ही पद्धत जुळते. गझल हा प्रकारही त्यांनी हाताळला.

== प्रकाशित साहित्य व सन्मान ==
'वाटचाल' (१९७३), 'मोहळ' (१९७६) व 'हे गीत वामनाचे' (१९७७) हे त्यांचे गीतसंग्रह असून 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मचरित्र आहे. पहिल्या गीतानंतर पहिला संग्रह निघण्यास तीस वर्षे लागली. या काळात त्यांची गीते प्रामुख्याने गायकांच्या कंठातून पसरली. १९९३ साली वर्धा येथे भरलेल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

== वारसा ==
मुंबईतील चाळींपासून विदर्भातील वाशिम, अकोला या जिल्ह्यांतील गावांपर्यंत आंबेडकर जयंती व बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमांत त्यांची गीते आजही गायिली जातात.