विसरलेलं आणि न शिकलेलं

गेल्या पौषात थोरल्या वहिनींना डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढे, माहेर जामखेड तालुक्यातलं, शाळेची पायरी कधी चढलेल्या नाहीत. काही महिन्यांपासून त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

डॉक्टरांनी तीस गुणांची प्रश्नावली काढली. आज तारीख काय? वहिनी म्हणाल्या, "पौष चाललाय, उद्या संकष्टी." अगदी बरोबर, पण तारखेच्या रकान्यात शून्य! गाव कोणतं? "नगर." कागदोपत्री आपण २०२४ पासून अहिल्यानगरकर, पण तो गुण डॉक्टरांनी हसून दिला. शंभरातून सात-सात वजा करताना वहिनी अडल्या. दोन पंचकोन बघून काढायचे, तर पेन्सिल धरण्यापासून अडचण. दारात रोज ठिपक्यांची रांगोळी काढणारी ही बाई!

घरी आल्यावर माझे बी.एड.चे दिवस आठवले. बिने आणि सिमों यांनी १९०५ मध्ये पॅरिसच्या मुलांसाठी बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. १९१६ साली टर्मन यांनी ती अमेरिकन मुलांसाठी बदलून घेतली. आपल्याकडे हे काम केलं व्ही. व्ही. कामतांनी, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडला. नुसतं भाषांतर करून ते थांबले नाहीत. कन्नड आणि मराठी मुलांवर प्रश्न पडताळून कोणता प्रश्न कोणत्या वयाला लागू पडतो हे त्यांनी नव्याने ठरवलं. १९४० साली त्यांचं पुस्तक आलं. परीक्षेसाठी मी हे सगळं घोकलं. पुढे नोकरीत मात्र ऊसतोडणीपायी अर्धं वर्ष शाळेबाहेर राहणाऱ्या एका मुलाच्या नावापुढे मीच 'मंद' असं लिहिलं. ते अजून सलतं.

वहिनींना विचारलेली प्रश्नावली फोल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली अमेरिकेत तयार केलेली. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या निरक्षर वृद्धांसाठी तिचं हिंदी रूप केलं, ते १९९५ साली प्रसिद्ध झालं. मूळ कसोटीत 'डोळे मिटा' हे वाचून तसं करायचं असतं. इथे विचारणारा म्हणतो, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा, आणि स्वतः डोळे मिटतो. एक वाक्य लिहा याऐवजी, तुमच्या घराविषयी काही सांगा. वाटतं तितकं हे सोपं नाही. प्रश्न बदलला तरी मेंदूचं तेच काम तपासलं गेलं पाहिजे, नाहीतर खरा आजार नजरेतून सुटायचा.

पुढच्या खेपेला मी हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी मोकळेपणाने ऐकलं आणि बाजारहाटाचा हिशेब विचारला. वीस रुपयांतले तीन गेले, आणखी तीन गेले... वहिनींनी पटापट सांगितलं. मला हायसं वाटलं. मग थोड्या वेळापूर्वी सांगितलेले तीन शब्द विचारले. एकही आठवेना. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, शब्द कधी सांगितले यांनी?"

विसर खराच होता. पण निदान आता कळलं की वहिनी काय विसरल्या आणि काय त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. औषधपाणी सुरू आहे. रांगोळी अजून रोज निघते.

त्या मुलाच्या बाबतीत मात्र हा फरक मी कधी तपासलाच नाही.