१०,००० चा उंबरठा : जावाच्या माहितीपत्रकातील एका आकड्याची कुळकथा

१/
मार्च २०१४ मध्ये जावा ८ प्रसिद्ध झाले. त्याच्या अधिकृत माहितीपत्रकात एकाच प्रश्नाची दोन उत्तरे छापलेली होती. प्रश्न असा : ‘क्लायंट’ प्रकारचे व्हर्च्युअल मशीन एखादी मेथड किती वेळा चालवून पाहते आणि मग तिचे यंत्रभाषेत भाषांतर करते? ‘एक्सकॉम्प’ या पर्यायाच्या नोंदीत उत्तर होते १,०००. त्याच पत्रकात पुढे ‘कम्पाइलथ्रेशोल्ड’ या पर्यायाच्या नोंदीत उत्तर होते १,५००. आणि बहुतेक वाचकांच्या ६४-बिट यंत्रांवर तोवर ही दोन्ही उत्तरे गैरलागू झालेली होती.

२/
एकाच लढाईतील फौजेचे दोन बखरींत दोन आकडे सापडले, तर अभ्यासक त्यांपैकी एक आकडा रागाने फेकून देत नाही. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणत्या ठाण्याच्या नोंदीवरून लिहिले, हे तो आधी पाहतो. संगणकाच्या माहितीपत्रकांना ही कसोटी सहसा कोणी लावत नाही. अधिकृत शिक्का दिसला की शंका मिटते. या धाग्यातील आकड्यांना ती कसोटी लावली असता जे हाती येते, ते सांगण्याजोगे आहे.

३/
प्रथम पार्श्वभूमी. जावामध्ये लिहिलेला कार्यक्रम थेट यंत्राच्या भाषेत नसतो. तो बाइटकोड नावाच्या मधल्या भाषेत असतो आणि व्हर्च्युअल मशीन तो चालवते. चालवण्याच्या दोन रीती आहेत. एक दुभाष्याची : प्रत्येक वाक्य ऐकायचे, त्याचा अर्थ लावायचा, पुढे जायचे. तेच वाक्य हजारदा आले तरी हजारदा अर्थ लावायचा. या दुभाष्याला इंटरप्रिटर म्हणतात. दुसरी रीत चिटणिसाची : मजकुराचे एकदाच पक्के लेखी भाषांतर करून ठेवायचे आणि पुढे तेच वाचायचे. कार्यक्रम चालू असतानाच असे भाषांतर करणारा तो जेआयटी कम्पायलर.

४/
लेखी भाषांतराला वेळ लागतो, जागाही लागते. जो मजकूर दोनदाच वाचला जाणार, त्यासाठी चिटणिसाला बसवणे हा अपव्यय. म्हणून मर्यादा हवी : अमुक वेळा गरज पडली तरच भाषांतर. या मर्यादेचे नाव थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा. १,०००, १,५०० आणि १०,००० हे सारे अशा उंबरठ्यांचे आकडे.

५/
या कल्पनेचे मूळ जावाच्या आधीचे आहे. डेव्हिड अंगर आणि रँडल स्मिथ यांनी १९८६ च्या सुमारास झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात ‘सेल्फ’ ही भाषा रचली. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात तिच्यावर मोठे काम झाले. सेल्फ अतिशय लवचीक होती आणि म्हणूनच संथ होण्याचा धोका होता. चालू कार्यक्रमाचे निरीक्षण करायचे, त्यातील ‘तापलेल्या’ जागा हेरायच्या आणि तेवढ्यांवरच मेहनत घ्यायची, हा त्यावरचा उपाय. उर्स होल्झले यांचा १९९४ चा प्रबंध याच विषयावर आहे.

६/
होल्झले, लार्स बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र ॲनिमॉर्फिक या छोट्या कंपनीत नेले. १९९७ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली. एप्रिल १९९९ मध्ये ‘हॉटस्पॉट’ व्हर्च्युअल मशीन जाहीर झाले. नावातच तापलेली जागा आहे. २००० साली आलेल्या जावा १.३ पासून हॉटस्पॉट हेच सनचे मुख्य जावा मशीन ठरले.

७/
हॉटस्पॉटमध्ये एक नव्हे, दोन चिटणीस होते. क्लायंट कम्पायलर, म्हणजे सी-१ : झटपट काम करणारा, सुबकतेचा फार आग्रह न धरणारा, घरच्या संगणकासाठी. सर्व्हर कम्पायलर, म्हणजे सी-२ : सावकाश, पण अत्यंत कसून काम करणारा, दिवसेंदिवस चालणाऱ्या सेवांसाठी. सी-२ ला कामाआधी भरपूर माहिती हवी असे. कोणती शाखा अधिक वेळा घेतली गेली, कोणत्या प्रकारची वस्तू प्रत्यक्षात आली, अशा नोंदी दुभाष्या काम करता करता जमवत राही. म्हणून सी-२ चा उंबरठा १०,००० आणि घाईच्या सी-१ चा १,५००.

८/
मग १,००० कुठून आले? उत्तर हॉटस्पॉटच्या मूळ संकेतात आहे. प्रत्येक प्रोसेसरसाठी पर्यायांच्या प्रारंभिक मूल्यांची स्वतंत्र फाइल असे. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरसाठी क्लायंटचा उंबरठा १,५०० होता. सनच्या स्वतःच्या स्पार्क प्रोसेसरसाठी तोच उंबरठा १,००० होता. दोन्ही आकडे खरे. पण दोन वेगवेगळ्या ठाण्यांचे! पत्रकाच्या एका नोंदीत एका ठाण्याचा आकडा उतरला असावा आणि दुसऱ्या नोंदीत दुसऱ्याचा. ठाण्याचे नाव मात्र दोन्हीकडे गळाले.

९/
हा निष्कर्ष केवळ तर्काचा वाटू नये म्हणून एक जोडपुरावा पाहावा. एखादी मेथड एकदाच बोलावली, पण तिच्या आत लाखो फेऱ्यांचे लूप असले, तर बोलावण्यांची मोजणी १ वरच थांबेल. म्हणून फेऱ्याही मोजल्या जात आणि त्यांचा उंबरठा मूळ उंबरठ्याच्या टक्केवारीत दिलेला असे. इंटेलसाठी ही टक्केवारी ९३३ होती, स्पार्कसाठी १४००. ९३३ हा आकडा एकटा पाहिला तर विचित्र वाटतो. पण १,५०० चे ९३३ टक्के म्हणजे १३,९९५ आणि १,००० चे १४०० टक्के म्हणजे १४,०००. मूळ उंबरठा दोन ठाण्यांवर वेगळा असला तरी लूपच्या फेऱ्यांचा उंबरठा जवळपास सारखाच यावा, अशी ती योजना दिसते. दोन आकडे एकाच वेळी, समजून-उमजून ठरलेले होते, हे यावरून उघड होते.

१०/
पत्रकातून आणखी एक गोष्ट गळाली. सनच्या जुन्या पर्याय-सूचीत हा उंबरठा मेथडच्या बोलावण्यांचा ‘आणि शाखांचा’ आहे, असे म्हटले होते. नंतरच्या वर्णनात फक्त बोलावणी उरली. शिवाय जुन्या मोजणीत ऱ्हासही होता : ठरावीक काळाने आकडा ओसरे आणि त्याचे अर्धायुष्य ३० सेकंदांचे होते. दिवसाकाठी हळूहळू १०,००० वेळा बोलावलेली मेथड उंबरठ्याशी पोहोचेलच, याची खात्री नव्हती. म्हणजे ‘१०,००० बोलावणी झाली की भाषांतर’ हे वाक्य आपल्या ऐन भरातही पुरते खरे नव्हते. ते सोपे होते आणि पाठ करायला सोयीचे होते. सोयीची वाक्ये फार टिकतात.

११/
२०१० मध्ये सन ऑरेकलच्या ताब्यात गेली. जुलै २०११ च्या जावा ७ मध्ये ‘टियर्ड कम्पायलेशन’, म्हणजे टप्प्याटप्प्याचे भाषांतर, हा पर्याय मिळाला; जावा ८ मध्ये तो आपोआप चालू राहू लागला. दोन्ही चिटणीस आता एकाच दप्तरात बसले. पातळी ० म्हणजे दुभाष्या. १ ते ३ सी-१ च्या तीन तऱ्हा. ४ म्हणजे सी-२. मेथड सहसा ० वरून ३ वर जाते. तेथे ती वेगाने चालते आणि चालता चालता सी-२ साठी नोंदीही जमवते. पुरेशा नोंदी झाल्या की ४ वर.

१२/
या व्यवस्थेत एक उंबरठा उरलाच नाही. पातळी ३ वर जाण्यासाठी २०० हून अधिक बोलावणी हवीत. किंवा १०० हून अधिक बोलावणी आणि बोलावणी व लूपच्या फेऱ्या मिळून २,००० हून अधिक. पातळी ४ साठी हेच आकडे ५,०००, ६०० आणि १५,०००. हे आकडेही स्थिर नाहीत. चिटणिसांपुढे कामाची रांग वाढली की सारे उंबरठे त्या प्रमाणात उंच होतात आणि रांग ओसरली की खाली येतात. याचे सर्वांत सविस्तर व प्रामाणिक वर्णन छापील पत्रकात नव्हते. ते मूळ संकेतातील एका लांबलचक टिप्पणीत होते. तेथवर जाणारे वाचक थोडे.

१३/
माहितीपत्रक दुरुस्त झाले, पण कसे ते पाहण्यासारखे आहे. जावा ८ च्या पत्रकात ‘कम्पाइलथ्रेशोल्ड’च्या नोंदीतील १०,००० आणि १,५०० तसेच ठेवले गेले. त्यांच्यामागे एक वाक्य आले : टियर्ड कम्पायलेशन चालू असताना हा पर्याय दुर्लक्षिला जातो. टियर्ड कम्पायलेशन तर आपोआपच चालू! म्हणजे नोंदीचा पहिला अर्धा भाग ज्या जगाचे वर्णन करतो, ते जग दुसऱ्या अर्ध्या भागात मावळते. ‘एक्सकॉम्प’च्या नोंदीत मात्र तेवढेही वाक्य नव्हते. ‘क्लायंट’ हा पर्यायही ६४-बिट यंत्रावर निरुपयोगी होता. ते पत्रकात त्याच्या स्वतःच्या नोंदीपुरते सांगितले होते.

१४/
यात कोणाचे काय बिघडले? व्हर्च्युअल मशीनचे पर्याय सेवेच्या सुरुवातीच्या आज्ञेत एकदा लिहिले जातात आणि वर्षानुवर्षे नकलले जातात. लवकर भाषांतर व्हावे म्हणून कोणी जुन्या काळी उंबरठा कमी करून ठेवलेला असतो. जावा ८ आल्यावर मशीन ते मूल्य निमूट स्वीकारते आणि त्याचा उपयोग करत नाही. चूक नाही, इशारा नाही. ओळ जागच्या जागी राहते आणि पुढचा अभियंता तिच्यावर विसंबतो. हा झाला निरुपद्रवी प्रकार.

१५/
उपद्रवी प्रकार कोड कॅशचा. भाषांतरे ठेवण्याच्या जागेला कोड कॅश म्हणतात. जावा ८ च्या पत्रकानुसार टियर्ड कम्पायलेशन बंद असेल तर तिची कमाल मर्यादा ४८ एमबी. चालू असेल तर २४० एमबी. ही पाचपट वाढ उधळपट्टी नव्हे. नव्या रीतीत कितीतरी अधिक मेथडची भाषांतरे होतात आणि पातळी ३ ची भाषांतरे नोंदींच्या ओझ्याने फुगलेली असतात. जुन्या पत्रकावरून उतरवलेली ४८ किंवा ६४ एमबीची मर्यादा नव्या मशीनवर तशीच ठेवली, तर मोठ्या कार्यक्रमात ही जागा भरून जाऊ शकते. मग मशीन कोड कॅश भरल्याचा इशारा देऊन कम्पायलर बंद करते. कार्यक्रम मरत नाही, उत्तरेही चुकत नाहीत. नव्याने तापलेल्या मेथड मात्र दुभाष्याच्याच हाती राहतात आणि सेवा मंदावते. कारण शोधणारा आपल्याच संकेतात चूक धुंडाळत बसतो.

१६/
‘एक्सकॉम्प’ची गोष्ट आणखी फसवी. हा पर्याय पहिल्याच बोलावण्याला भाषांतर करायला लावतो. पत्रक वाचून अनेकांना तो वेगाचा उपाय वाटे : दुभाष्याच टाळला तर वेळ वाचेलच! पण नोंदी नसताना चिटणीस आंधळेपणाने लिहितो. कोणती शाखा तापलेली, हे त्याला ठाऊक नसते. काही वर्ग तोवर स्मृतीत आलेलेही नसतात. अशी भाषांतरे फाडून पुन्हा करावी लागतात. कार्यक्रमाची सुरुवात तर कमालीची लांबते. कम्पायलर तयार करणाऱ्यांना मात्र हा पर्याय अमूल्य आहे, कारण कम्पायलरमधील दोष त्याने लवकर उघडे पडतात.

१७/
अलीकडच्या पत्रकांत ही नोंद अखेर बदलली. १,००० गेले, १०,००० गेले, क्लायंट-सर्व्हरचा सारा परिच्छेद गेला. उरली दोन छोटी वाक्ये. त्यांचा आशय एवढाच : ही जेआयटी कम्पायलरना कामाला लावण्याची चाचणी-रीत आहे, प्रत्यक्ष सेवेत ती वापरू नये. या साऱ्या प्रकरणातील सर्वांत उत्तम दुरुस्ती हीच, आणि ती नवा आकडा घालून नव्हे, जुना काढून झाली. १,००० चे मूळ ठाणेही आता नाही : २०२० साली आलेल्या जावा १५ मधून स्पार्कसाठीचा संकेत काढून टाकण्यात आला.

१८/
दुरुस्तीला एवढा विलंब का, याचे एक कारण दप्तराच्या रचनेत होते. हॉटस्पॉटचा संकेत २००६ पासून खुला आहे. कोणीही तो वाचावा, बदल सुचवावा. माहितीपत्रकाचा मूळ मजकूर मात्र दीर्घकाळ ऑरेकलच्या अंतर्गत भांडारात राहिला. खुल्या भांडारात यायची ती त्यापासून यंत्राने घडवलेली प्रत. बाहेरच्या जाणकाराला चूक दिसली तरी आतल्या कोणीतरी ती मुळात उतरवावी लागे. मूळ मजकूर खुल्या भांडारात आला तो २०२४ च्या अखेरीस.

१९/
मग पत्रकाऐवजी थेट मशीनलाच विचारले तर? त्याचीही सोय आहे. ‘प्रिंटफ्लॅग्जफायनल’ हा पर्याय दिला की मशीन आपल्या सर्व पर्यायांची प्रत्यक्ष मूल्ये छापते. साधन अस्सल आणि समकालीन! टियर्ड कम्पायलेशन आपोआप चालू असलेल्या जावा १७ मध्ये ही यादी मागवली, तर ‘कम्पाइलथ्रेशोल्ड’ समोर छापून येते : १०,०००. त्या आकड्याकडे त्यावेळी कोणताही चिटणीस पाहत नसतो. खरे काय घडते ते पाहायचे असेल तर ‘प्रिंटकम्पायलेशन’ द्यावा लागतो. मग प्रत्येक भाषांतराची वेळ, मेथडचे नाव आणि पातळी एकेका ओळीने पडद्यावर उतरते. तेथे ३ आणि ४ हे अंक सरकताना दिसतात. १०,००० कुठेच येत नाही.